यतीनचं मौन

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या व्यवसायातला एखादा प्रेरणादायी अनुभव लिहा ना." म्हटलं, बाई, प्रेरणादायी हवा असेल तर फिजिओवाल्यांना विचारा. त्यांच्याकडे माणसं कुबड्या टाकून चालत घरी जातात. आमच्याकडे येतात ती घसा फाडून झाल्यावर, आणि बरी होऊन जाताना 'थँक्यू' म्हणतात तेही हळू, कारण हळू बोला असं मीच बजावलेलं असतं. बाई हसल्या, म्हणाल्या, "मग जे असेल ते लिहा." तर जे आहे ते असं आहे, आणि ते फारसं आनंदाचं नाही. फराळाबरोबर नको असेल तर पान उलटा. मला राग नाही.

मी व्हॉइस थेरपिस्ट. ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात आयुष्यातली बरीच वर्षं घालवली आणि यंदा निवृत्त झाले. मिरजेकडच्या नातेवाइकांत माझी ओळख अजूनही 'ती तोतऱ्यांना शिकवते ती' अशीच आहे. तोतरी माणसं माझ्याकडे कधीच नव्हती, पण सांगून सांगून मीच दमले. काम काय, तर आपल्या घशात दोन इवल्याशा पट्ट्या असतात, स्वरतंतू. आपण बोलतो तेव्हा त्या एकमेकींवर आपटतात. टाळी वाजते म्हणा. जन्मभर चुकीच्या टाळ्या वाजवल्या तर हाताला घट्टे पडतील आणि फारच जोरात वाजवल्या तर फोड येईल. घशात नेमकं तेच होतं. फोड सर्जन काढतो. पुढे टाळी वाजवायची कशी, ते मी शिकवते. सर्जनचं काम अर्ध्या तासाचं, माझं सहा महिन्यांचं, आणि ख्रिसमसला चॉकलेटचा डबा मिळतो सर्जनला.

मराठीत आवाजाचं बाकी फार सुंदर आहे. आपल्याकडे आवाज बसतो, लागतो, फुटतो, चिरकतो, खोल जातो, कापरा होतो. इंग्रजीत नुसता हरवतो. छत्री हरवावी तसा. म्हणजे शोधला तर सापडेल, नाही सापडला तर नवा घेऊ. मी क्लिनिकमध्ये नवीन मुलींना सांगायचे, की आमच्याकडे आवाज बसतो. बसलेल्याला हाताला धरून उठवता येतं. त्या म्हणायच्या, "सो क्यूट!"

मासले एकेक भेटले. एक मेंढ्यांचा लिलाव पुकारणारा होता, आडदांड, लाल मानेचा. त्याला ऑपरेशननंतर आठवडाभर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असं सांगितलं. पाचव्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन. मला वाटलं बोलला असणार. तर बाई दबक्या आवाजात विचारते, "आणखी एक आठवडा वाढवता येईल का हो?" एक शाळामास्तर होते, पोरांना हाका, म्हणजे माओरी लोकांचा आरोळ्या ठोकत करायचा नाच, शिकवताना घसा बसवून घेतलेले. त्यांना मी म्हटलं, आरडाओरडा कमी करा. ते म्हणाले, "बाई, कमी आवाजात केला तर त्याला हाका म्हणत नाहीत."

पण लिहायचंय यतीनबद्दल.

यतीन हे त्याचं नाव नव्हे. नाव फ्रेंच, 'एतियेन'च्या आसपासचं. ते माझ्या आईच्या कानात शिरून तोंडातून बाहेर पडेपर्यंत यतीन झालं, ते कसं हे पुढे येईलच. पेशंटचं खरं नाव लिहायचं नसतं, त्यामुळे आईची कृपा. त्याची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, "मराठीत ना? लिहा. माझे फॅन वाचणार नाहीत."

पहिल्यांदा आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत काळा. काळे लांब केस, काळा शर्ट, मानेपर्यंत गोंदलेलं, आणि दारात थांबून "आत येऊ का मादाम?" असं इतक्या अदबीनं विचारणं, की मी उठूनच उभी राहिले. पापाकुऱ्यात टायरच्या दुकानात कामाला होता, तिथून गाडी पकडून आला होता. कुणा किवी, म्हणजे इथल्या, मुलीच्या प्रेमात पडून या देशात आला, प्रेम आटपलं, हा राहून गेला. वय पस्तिशीचं. आवाज म्हणाल तर रिकाम्या डब्यात खडे टाकून हलवावेत तसा.

मी प्रत्येकाला विचारते तेच त्याला विचारलं, आवाज कशासाठी वापरता?

"किंचाळायला," तो म्हणाला.

मेटल नावाचं संगीत असतं, त्यातलंही सगळ्यात काळंकुट्ट तो गायचा. फ्रान्समध्ये त्याचा बँड होता, बऱ्यापैकी नाव होतं, दुरून दुरून लोक यायचे. त्यानं फोनवर एक गाणं ऐकवलं. कुणीतरी विहिरीत पडलंय आणि काठावर पन्नास मोटरसायकली चालू ठेवल्यात, असं ते होतं. मी विचारलं, "शब्द काय आहेत?" तो म्हणाला, "ते कुणालाच कळत नाहीत. कळू नयेत म्हणूनच तर किंचाळायचो." किंचाळायचीसुद्धा एक रीत असते बरं का. नीट शिकलेली माणसं जन्मभर किंचाळतात आणि त्यांच्या घशाला ओरखडा उठत नाही. हा आपला आपण शिकलेला. दुर्बीण घालून पाहिलं तर उजव्या तंतूवर टपोरा, रक्तानं भरलेला फोड.

"आता परत किंचाळायचंय का?" मी विचारलं. माझं सगळं औषध या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

"नाही. आता गायचंय. हळू."

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला आधी हसू आलं. त्या संगीताचं नाव शूगेझ. म्हणजे बुटांकडे बघणं. गिटारवाल्यांच्या पायाशी आवाज बदलायच्या पेट्या असतात, त्या दाबायला ती माणसं सारखी खाली बघत असतात, म्हणून कुणीतरी टिंगलीनं नाव पाडलं आणि तेच चिकटलं. मी म्हटलं, "अरे, आमच्याकडे गाणारा डोळे मिटून वर बघतो, नाहीतर पहिल्या रांगेत कोण मान हलवतंय ते बघतो. बूट तर बाहेरच काढून ठेवलेले असतात." तोही हसला. हसताना घसा घरघरला.

"मग त्यात असतं काय?" मी विचारलं.

त्यानं केस कानामागे सारले. मग म्हणाला, लहानपणी त्याचं गाव समुद्राकाठी, मिठागरांजवळ, कायम धुक्यात. आई मासळीच्या कारखान्यात पहाटेची पाळी करून दुपारी घरी यायची. ह्याला दुपारी झोपवून दार लोटून घ्यायची आणि पलीकडे स्वयंपाकघरात काम करताना गुणगुणायची. "शब्द कळायचे नाहीत, मादाम. पण कुणीतरी घरात आहे एवढं कळायचं. मला तसं गाणं करायचंय. शेजारच्या खोलीत कुणीतरी गातंय, तसं."

इतक्या वर्षांत कुणी आवाजाबद्दल माझ्याशी असं बोललं नव्हतं. लोक म्हणतात, मला फोनवर ऑर्डर घेता आली पाहिजे.

मी मनात हिशेब केला, की घसा गेला म्हणून हा मवाळ झाला. तसं म्हणालेही. तो एकदम गंभीर झाला. ही हळू गाणी आधीची, अठराव्या वर्षापासूनची. बँडमधल्या पोरांना एक ऐकवलं होतं, त्यांनी 'अंगाई, अंगाई' करून इतकं चिडवलं की त्यानं सगळी दडवून ठेवली आणि पंधरा वर्षं किंचाळत काढली. शेवटी सांगितलं की आता मी हेच करणार, तर बँड मोडला. फॅन लोकांनी शिव्या घातल्या, बाटला म्हणाले. "आणि आता आवाज सोडून सगळं तयार आहे," तो म्हणाला. "गाणी आहेत, गिटार आहे. फक्त हा एक मऊ आवाज मिळवून द्या. मला दुसरं काही नको."

इंग्रजीत तू-तुम्ही नसतं. पण त्या दिवसापासून मनातल्या मनात मी त्याला 'तू' म्हणायला लागले.

ऑपरेशन झालं. नंतर आठवडाभर संपूर्ण गप्प राहायचं, कुजबुजायचंही नाही, खोकायचंही जपून. हे समजावून सांगता सांगता माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "टोटल मौन."

त्यानं डोळे मोठे केले आणि मी लिहायला दिलेल्या पाटीवर लिहिलं, 'टोटल मोन?' इंग्रजीत मोन म्हणजे कण्हणं! म्हणजे हा आठवडाभर घरी बसून कण्हत राहिला असता. मी घाईघाईनं म्हटलं, "नाही नाही, मौन! मौन!" तर गाढवानं पाटीवर चंद्र काढून दाखवला. मग मी त्याला समजावलं, की आमच्यात मौन धरतात, पाळतात, घेतात, आणि सोडतात सुद्धा. नुसतं गप्प बसणं वेगळं आणि मौन वेगळं. गप्प कुणीही बसवू शकतं, मौन आपलं आपण घ्यावं लागतं. त्यानं शब्द पाटीवर लिहून घेतला आणि खाली रेघ ओढली.

त्याच आठवड्यातल्या रविवारी आमची आई त्याला भेटली.

आई तेव्हा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. आम्ही अवोन्डेलला राहतो, रविवारचा बाजार म्हणजे आईचा एकमेव सण. तिथे मेथी मिळते, मुळा पाल्यासकट मिळतो, आणि भाव करता येतो. इंग्रजीचा एक शब्द न येता ती टोंगा बेटांवरून आलेल्या आज्यांशी भाव करायची आणि दोन्ही बाजू खूश व्हायच्या. दिवस फिजोआचे होते. ते फळ हिरवं, वासानं पेरूच्या कुळातलं. आई त्याला पेरूच म्हणायची, "इथले पेरू वाढत नाहीत बाई," म्हणायची. तर आम्ही फिजोआ निवडत होतो आणि समोर हा काळा खांब.

मला पाहून त्यानं हात हलवला आणि गळ्यावर बोट ठेवून छातीवर हात ठेवला, म्हणजे पाळतोय हो. मी नुसती मान हलवली. पेशंट बाहेर भेटला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, असा आमचा नियम. पण आईला नियम लागू नसतात.

"कोण गं हा?"

"ओळखीचा आहे."

"मग बोलत का नाही?"

आता काय सांगणार? म्हटलं, "मौन आहे त्याचं."

झालं! आईचा चेहराच पालटला. पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. "एवढ्या तरुण वयात! आणि बाजारात येऊनसुद्धा पाळतोय! केवढा निग्रह! नाव काय बाळा तुझं?" हे सगळं मराठीत. मी बाजूला उभी घामाघूम. त्यानं भाषा न कळूनही बरोब्बर ओळखलं आणि फोनवर नाव लिहून दाखवलं. मी वाचून दाखवलं. आई म्हणाली, "यतीन. छान नाव आहे. यती म्हणजे संन्यासीच की!" मग तिनं कमरेचा बटवा सोडला. आईच्या बटव्यात सुपारी नसते, खडीसाखर असते. मिरजेला तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेली बाई ती. दारावरून गवई जायचे, तेव्हापासूनची सवय. चार खडे त्याच्या तळहातावर ठेवले आणि वर दोन 'पेरू'. त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला. ते कुठे शिकला होता कोण जाणे, बहुतेक सिनेमात.

घरी येईपर्यंत आई तेच. "नाहीतर आपली पोरं! गाडीत बसली की बडबड." आमचा मुलगा मागून म्हणाला, "आजी, आय कॅन हिअर यू." त्याला मराठी सगळं कळतं, फक्त बोलायला जमत नाही.

मौन सुटलं आणि आमचं खरं काम सुरू झालं. पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि नळीतून 'ऊऊ' करत बुडबुडे काढायचे. हसू नका, जगभर मोठमोठे गायक हेच करतात. पाणी उलटा दाब देतं, त्यामुळे टाळी हलकी वाजते. मग ओठ मिटून गुणगुणायचं, सूर खालून वर न्यायचा, वरून खाली आणायचा. यतीनचं घोडं इथे अडलं. वर जाताना तो घसा आवळायचा. पंधरा वर्षांची सवय, सूर म्हटला की झुंज. मी पुस्तकातले सगळे प्रकार करून पाहिले. शेवटी एक दिवस कंटाळून म्हटलं, सोड ते, मी करते तसं कर. आणि ओठ मिटून आईचा पाळणा गुणगुणले. आम्ही भावंडं ज्यावर झोपलो तो. शब्द नाहीत, नुसती चाल. पाळणाच तो, झोका घेत वर जातो आणि आपोआप खाली येतो. तो माझ्यामागून गुणगुणला. गळा सुटला! एखादं आवळलेलं झाकण फट्‌कन उघडावं तसा.

पेशंट लोक घरी सरावासाठी व्यायाम फोनवर रेकॉर्ड करून नेतात. आधी मी, मागून पेशंट. त्यानंही नेले, दर खेपेला. हिवाळाभर चाललं होतं. पाऊस, हीटर, पेल्यातले बुडबुडे आणि पाळणा. बाहेर बसलेले पेशंट म्हणत असतील, आत काय चाललंय. वसंतात त्याचा आवाज काय झाला होता! तलम, जरासा थंड, कडेला किंचित धूसर. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात आणि मग तार नुसती वाजत नाही, बोलते. तसं. दुर्बिणीत दोन्ही तंतू पांढरेस्वच्छ. माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं, तर ते तीन महिने.

मधल्या काळात आई मिरजेला परत गेली होती. दर व्हिडिओ कॉलला शेवटचा प्रश्न ठरलेला. "यतीनचं मौन सुटलं का गं?" पेशंटबद्दल घरी बोलायचं नाही, हा नियम. मी म्हणायचे, "मला काय माहीत आई, भेटला नाही."

उन्हाळ्यात के रोडवरच्या एका हॉलमध्ये त्याचा नव्या गाण्यांचा पहिला कार्यक्रम ठरला. आठवड्याभरानं तो स्टुडिओत जाऊन सगळं रेकॉर्ड करणार होता. मला तिकीट दिलं. तोवर त्याचे उपचार संपले होते, तेव्हा जायला हरकत नव्हती. नवऱ्याला घेऊन गेले, कानात बोळे घालून. लोक बेताचेच होते आणि निम्मे जुने मेटलवाले, काळे शर्ट, हाताची घडी. यतीन खाली बुटांकडे बघत उभा राहिला आणि सुरू झाला. आता हे मी कसं सांगू? गिटारींचं नुसतं धुकं होतं. जोरात होतं, पण टोचत नव्हतं. आणि त्यात लांब कुठेतरी त्याचा आवाज. शब्द एक कळला नाही. आमचे हे जन्मात कशाला चांगलं म्हणत नाहीत, ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अगं, बरं वाटतंय हे." मी रडत होते. मला कळलंच नव्हतं.

मागून कुणीकुणी ओरडत होते, "जुनं म्हण!" "किंचाळ की!" त्यानं लक्ष दिलं नाही. शेवटचं गाणं झालं, दिवे लागणार, तेवढ्यात अगदी पुढे उभी असलेली एक बाई बोलली. चाळिशीची, त्याच्या जुन्या बँडचा विटलेला शर्ट घातलेली. ओरडली नाही ती. हळूच बोलली, पण हॉल शांत होता आणि मी दोन हातांवर होते.

"किया ओरा," ती माओरीत नमस्कार करत म्हणाली. "मी आरोहा. माझा भाऊ तुमचं ते पहिलं गाणं रोज लावायचा. घरात ते वाजत असलं की आम्हाला कळायचं, तो आज ठीक आहे. मागच्या हिवाळ्यात तो गेला. आपणहून गेला. तांगीला, त्याला निरोप देताना, आम्ही तेच लावलं." मग थांबून म्हणाली, "एकदा म्हणाल? नाही म्हणालात तरी चालेल."

यतीन बुटांकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. स्पष्ट. दोनदा हलवली. त्यानं पाहिलं. पाहिल्याचं मला दिसलं.

आणि तो किंचाळला.

पूर्ण गाणं म्हटलं त्यानं. मधेच सोडलं नाही. ती बाई पुढे उभी राहून डोळे मिटून डोलत होती, तिचे ओठ हलत होते. तिला शब्द पाठ होते! ज्याचे शब्द कुणालाच कळत नाहीत, ते तिला सगळे पाठ. मी मात्र दुसरंच ऐकत होते. माझे कान तसे तयार झालेत, मी काय करू? शेवटच्या कडव्यात एक क्षण आला, आवाज एकदम बाजूला सरकला आणि पोकळ झाला. तंतूतली शीर फुटली की होतं तसं. बाकी कुणाला कळलं नसेल. लोक टाळ्या वाजवत होते.

मी मागच्या खोलीत धावले. तो खुर्चीवर बसला होता, मला पाहून हसला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. हवा आली नुसती. मी ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "मौन." त्यानं दिव्याकडे बोट करून हातानं वाटोळा चंद्र काढला. चेष्टा सुचत होती अजून! माझा राग असा उसळला, की एक थोबाडीत द्यावी. मी तशीच बाहेर आले आणि गाडीत बसून नवऱ्यावर ओरडले. त्या बिचाऱ्याची काय चूक?

पुढचं लिहायला नको वाटतं. दुर्बिणीत तंतू रक्तानं माखलेला. रक्त शोषलं गेलं, पण जुन्या ऑपरेशनच्या जागी व्रण धरला आणि तंतू कडक झाला. कडक झालेला तंतू पुन्हा मऊ होत नाही. सर्जननं हात टेकले. मी नळ्या, पेले, पाळणा, सगळं पुन्हा केलं. पण आता तो ओठ मिटून गुणगुणायला लागला की नुसता फुसकारा यायचा, आणि कधीमधी दाराची बिजागरी वाजावी तसा एखादा सूर. बोलणं राहिलं ते कुजबुजीच्या वर थोडं. टायरच्या दुकानात त्याला काही अडलं नाही. तिथे तसंही यंत्रांच्या आवाजात कुणाचं ऐकू येत नाही. इथलं 'स्वीट अॅज', म्हणजे 'झकास', म्हणायला अंगठा पुरतो.

मी बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते. एकदा न राहवून विचारलं, "मी नाही म्हटलेलं दिसलं होतं ना तुला?"

"दिसलं होतं, मादाम."

"मग?"

तो कुजबुजला, "तिच्याकडे भावाचं तेवढंच होतं. माझ्याकडे अजून हीप्स आहे, भरपूर आहे, असं वाटलं."

आवाज जपावा कसा, हे मला पुरतं माहीत आहे. तो कुणासाठी खर्चावा आणि कुणासाठी नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. मी त्या बाईच्या जागी असते तर मागितलं असतं का? मागितलं असतं. त्याच्या जागी असते तर? नसतं दिलं. आजही नसतं दिलं. आणि तरीही त्या बाईचे हलणारे ओठ डोळ्यांपुढून जात नाहीत. या गोष्टीचा मला त्रास होतो, तो निवृत्त होऊनही कमी झालेला नाही.

यंदा फिजोआचे दिवस आले तेव्हा माझा कामाचा शेवटचा आठवडा होता. यतीन भेटायला आला, वेळ न ठरवता. खिशातून हेडफोन काढले आणि मला दिले. "रेकॉर्ड झाली," तो कुजबुजला.

गिटारींचं तेच धुकं. पण सुरुवातीला बुडबुडे. पाण्यातले! मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. मग धुक्यातून एक आवाज, बंद ओठांचा, तलम, जरासा थंड. त्याचा. वसंतातला. फोनवरच्या सरावातून उचललेला. स्टुडिओत जायच्या आधीच आवाज गेला, तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचा मऊ आवाज उरला होता तो एवढाच. शब्दांची सगळी गाणी टाकून देऊन त्यानं आख्खी रेकॉर्ड त्या गुणगुणण्यावर रचली होती. आणि प्रत्येक वेळी त्याच्या आधी, मागच्या कुठल्यातरी खोलीतून आल्यासारखा, एका बाईचा आवाज पाळण्याची चाल धरून द्यायचा.

"तुम्ही आहात," तो म्हणाला. "नको असेल तर काढतो. पण तुम्हाला काढलं की मी कुठून सुरू करतोय ते कळत नाही."

मी हेडफोन काढले नाहीत. काढले असते तर बोलावं लागलं असतं.

रेकॉर्डचं नाव त्यानं ठेवलंय 'मौन', रोमन अक्षरांत. काही लोकांना वाटतं चंद्राचं स्पेलिंग चुकलंय, काहींना वाटतं कण्हण्याचं. तो दुरुस्त करत नाही. एक प्रत त्यानं आईसाठी दिली. "त्या साखरवाल्या मॅडमना," म्हणाला.

आई परत आली होती तेव्हा. वर्षभरात बरीच थकलीय, कानही गेलेत. बैठकीच्या खोलीत उन्हात बसून मेथी निवडत होती. मी मोठ्या आवाजात लावलं.

"हे काय, मिक्सर चालू राहिलाय का?" ती म्हणाली.

मग माझं गुणगुणणं आलं आणि तिचे हात थांबले. कान नाहीत म्हणता म्हणता तिनं बरोबर ओळखलं. "ही तू गं! आपला पाळणा! शेवट अजून घाईत करतेस." आणि मागून तो आला, स्वच्छ, वर जाऊन झोक्यानं खाली येणारा. आईनं मान तिरकी केली. "आणि हा कोण?"

"यतीन. बाजारात भेटला होता तो."

आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. तिचा चेहरा इतका उजळला, की मला तिच्याकडे बघवेना.

"म्हणजे सुटलं एकदाचं मौन! मी म्हणत नव्हते? एवढा निग्रह केला पोरानं, बघ आवाज कसा निघालाय!"

"हो," मी म्हटलं.

तिनं बटवा सोडला, आतले होते नव्हते ते सगळे खडे माझ्या हातावर ओतले आणि माझी मूठ मिटवली.

"त्याला नेऊन दे. आणि म्हणावं, आता बोलायला लागला आहेस, तर घसा जप."